पाय जपून, शेजारणी

३ फेब्रुवारी, शनिवार

आज लायब्ररीच्या कार्यक्रमात कविता वाचली. पहिली ओळ म्हटली आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दुसऱ्या ओळीला त्यांच्या शेजारच्या बाईंनी रुमाल काढला. तिसरी ओळ संपते न संपते तोच मागून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

त्यांचा काही दोष नाही. तलावाकाठच्या या किसुमू शहरात माझा चेहरा कुणाला माहीत नसला तरी आवाज सगळ्यांना माहीत आहे. रोज सकाळी रेडिओवर निधनवार्ता मी वाचते. कोण गेलं, कुठल्या गावचं, कुणाची लेक, कुणाचा नवरा, माती कुठे आणि कधी. लोक चहाचा कप हातात धरून ऐकतात आणि ओळखीचं नाव नाही आलं की मगच पहिला घोट घेतात.

कविता मात्र गटारावर होती. आमच्या प्लॉटमधल्या. एका अंगणाभोवती आमच्या खोल्या, मध्ये एक नळ आणि नळाजवळून, माझ्या दारावरून जाणारं उघडं गटार.

माझ्या दारावरून जातं ते
सगळ्यांची धुणी, सगळ्यांची भांडी घेऊन.
त्याला माहीत आहे काल कुणी मासा खाल्ला
आणि कुणी नुसतंच पातेलं खरवडलं.

कविता संपल्यावर टाळ्या नाहीत. लोक उठून माझा हात हातात घेऊन जात होते, घरी मयत झाल्यावर घेतात तसा.

शेवटच्या बाकावर एक माणूस होता. बोटांना काजळी, वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवलेला. लायब्ररीचं फाटक जोडायला आला होता आणि सावलीसाठी आत बसला होता. तो म्हणाला, "बाई, तुमच्या कवितेला ठेका आहे."

मी म्हटलं, कवितेला अर्थ आहे.

"तो असेलच," तो म्हणाला. "पण ठेका पण आहे." आणि टेबलावर बोटांनी वाजवून दाखवला.

नाव ओडेरा मागाक. आठवडाभर फाटकं आणि खिडक्यांचे गज जोडतो, रविवारी गिटारवर बेंगा, आमचं नाचाचं संगीत, वाजवतो. त्याच्या बँडचं नाव किबोस रोड जॅझ. म्हणाला, या कवितेचं गाणं करू या. मी म्हटलं, मी गंभीर लिहिते. तो म्हणाला, तेच तर.

घरी येईपर्यंत माझी चाल त्या ठेक्यावर पडत होती. रागच आला.

७ फेब्रुवारी, बुधवार

आज यादी लांब होती. मॅनेजर ओबारे म्हणाले, तुझा आवाज म्हणजे आपल्या स्टेशनचा काळा कोट आहे, तो नेहमी इस्त्रीचा असला पाहिजे. त्यांना हे कौतुक वाटतं.

खरं तर हा आवाज माझा मुळातला नाही. पूर्वी मी रेडिओवर पाककृती सांगायचे, ओमेना, म्हणजे तलावातली बारीक मासळी, कडक कशी तळायची वगैरे. मग बोनिफेस गेला. त्या सकाळी निधनवार्ता वाचणारा आजारी होता आणि दुसरं कुणी नव्हतं, म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव मीच वाचलं. एकदाही अडखळले नाही. तेव्हापासून हे काम मला दिलं आणि आवाज तसाच राहिला. इस्त्री केलेला.

हे इतकंच. पुढे लिहायचं नाही.

दुपारी ओडेरा प्लॉटवर आला. म्हणाला, इकडून जाताना तुमच्या खिडकीचे गज सैल दिसले. मी हलवून पाहिले, घट्ट होते. तरी त्याने हत्यारं काढून काहीतरी ठोकलं. मग अंगणात म्हाताऱ्या रादिंगच्या शेजारी जाऊन बसला. रादिंग रेल्वेत सिग्नल सांभाळायचे, आता निवृत्त. गेल्या महिन्यात सकाळी तोंड धुऊन वळले ते थेट गटारात गेले. पाय प्लास्टरमध्ये आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट पहिल्यापासून ऐकावी लागते. ओडेराने ती दोनदा ऐकली. दुसऱ्यांदा स्वतःहून मागितली.

जाताना मला माझ्या गावाच्या नावाने हाक मारून म्हणाला, "अलेगोची लेक, ही गोष्ट कवितेत नाही."

मी म्हटलं, कवितेत सगळंच सांगायचं नसतं.

"गाण्यात सांगायचं असतं."

११ फेब्रुवारी, रविवार

आजचं अक्षर नाचतंय, तब्येत ठीक आहे.

मी किबोस रोड जॅझच्या तालमीला गेले. फक्त नाही म्हणून सांगायला गेले होते. त्याची वेल्डिंगची शेड, अर्धवट झालेली फाटकं भिंतीला टेकवलेली, त्यांच्यामध्ये बँड. ओडेराची गिटार, दुसरी एक गिटार, बेस वाजवणारा एक मोटारसायकलवाला आणि ड्रमवर आडोंगो नावाची बाई, जी बाजारात टोमॅटो विकते आणि ड्रमही टोमॅटो निवडल्यासारखा वाजवते, भराभर, एकही खराब न घेता.

ओडेरा म्हणाला, नाही म्हणा, पण आधी एकदा वाचा. मी वाचलं. बेसवाल्याने टोपी काढली. आडोंगो खेकसली, "घाल ती टोपी. गटार आहे ते, मयत नाही."

मग ओडेराने सुरुवात केली. आधी त्याची एकट्याची गिटार, अगदी बारीक, जणू दोन शेजारणी नळावर एकाच वेळी बोलतायत आणि दोघींचं ऐकू येतंय. मग बेस आला तो पोटात आला. मी ओळ म्हटली. आवाज तोच, इस्त्रीचा, सपाट. पण खाली ते सगळं उड्या मारत होतं आणि माझा सपाट आवाज त्यावरून तराफ्यासारखा चालला होता. त्याने मला गायला सांगितलंच नाही. म्हणाला, वाचते तशीच वाच. तू रड, आम्ही नाचतो.

मी म्हटलं, मी रडत नाहीये.

"मग तर फारच बरं."

मधल्या जागेत त्याने एक ओळ घातली, स्वतःच गाऊन. "पाय जपून, शेजारणी, पाय जपून." आणि त्या ओळीच्या शेवटी बँड एक ठोका गाळतो. तिथे काहीच नाही, नुसता खड्डा. शरीर आपोआप उडी मारतं. आडोंगो हातात काड्या घेऊन जागच्या जागी उडाली. मी पण उडाले. माझं वय, माझी नोकरी, माझे बूट, आणि मी वेल्डिंगच्या शेडमध्ये नसलेलं गटार ओलांडत होते.

जेवायचं राहून गेलं. संध्याकाळी घरी आल्यावर लक्षात आलं.

१२ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी वेगळं वाटतंय. मी ती कविता चिडून लिहिली होती. रादिंगचा पाय मोडला त्या दिवशी. शेजारच्या खोलीतली पोरं पावसाळाभर पोट धरून बसतात ते पाहून. घरमालकिणीला किती वेळा सांगितलं की गटारावर फरशा टाका, तिने तितक्या वेळा मान हलवली. त्यावर लोक उड्या मारणार? मग राग कुठे गेला? तो ठेक्यात विरघळला की ठेक्यावर बसून दूरवर गेला, हे मला कळत नाही.

ओडेराला विचारलं. तो खिडकी बघायला आला होता, पुन्हा. त्याने बराच वेळ गज घासले आणि मग म्हणाला की त्याच्या वडिलांना ज्या गोष्टींचा सर्वांत जास्त त्रास झाला त्या सगळ्या त्याला गाण्यांमुळे ठाऊक आहेत. भाषणं केली असती तर एकही लक्षात राहिली नसती.

हे उत्तर बरं आहे, पण पूर्ण नाही. आणि ही खिडकी एवढी वाईट बनवली कुणी, देव जाणे.

१८ फेब्रुवारी, रविवार

पहिला प्रयोग. न्यालेंडातल्या एका खानावळीचं मागचं अंगण, दुपार, पत्र्याखाली घामाघूम गर्दी, तळलेल्या माशांचा वास. मी काळा ड्रेस घातला होता, कारण माझ्याकडे सगळे तसलेच आहेत.

पहिल्या शब्दाला शांतता पसरली. बिअरची बाटली तोंडाशी नेणारा माणूस तसाच थांबला. एका बाईने खरोखर फोन काढून घरी लावला. मग बेस घुसला, "पाय जपून, शेजारणी" आलं, तो खड्डा आला आणि कुणीतरी उडालं. दुसऱ्या फेरीला निम्मं अंगण उडालं. तिसऱ्या फेरीला खानावळीची मालकीण हातात माशांची परात घेऊन उडाली आणि एकही मासा पडला नाही.

मग पाकरुओक सुरू झालं. आमच्याकडे त्याशिवाय बेंगा होत नाही. गाणं मध्येच थांबवायचं, माईक घ्यायचा, स्वतःची नाहीतर आपल्या माणसाची तोंडभरून तारीफ करायची, बँडला काहीतरी द्यायचं, मग पुढे. एक जण आला आणि म्हणाला, मी असा आहे की माझी सासूसुद्धा माझ्या बाजूने भांडते. दुसरी म्हणाली, मी अशी नार की तलावावरचं वारं मला विचारून सुटतं. ओडेरा प्रत्येकाला नावाने, गावाने, आजोबांच्या नावाने चढवत होता. स्वतःबद्दल मात्र एक शब्द नाही. आडोंगो म्हणाली, इतकी वर्षं वाजवतोय, एकदाही त्याने स्वतःची तारीफ केलेली नाही. मी म्हटलं, लाजरा असेल. तिने ड्रमची काडी स्वतःच्या कपाळावर आपटली.

घरी येताना आम्ही सगळे चालत आलो आणि वाटेतल्या प्रत्येक खऱ्या गटारावर उडी मारली.

२४ फेब्रुवारी, शनिवार

कुणीतरी फोनवर गाणं रेकॉर्ड केलं होतं. आता ते मटाटूंमध्ये, भाड्याच्या छोट्या बसमध्ये, वाजतं. आज बाजारात जाताना मी माझ्याच आवाजाशेजारी बसले होते. शेजारचा माणूस म्हणाला, ही बाई निधनवार्ता वाचते तीच का? मी म्हटलं, काय माहीत. तो दचकून खिडकीकडे सरकला.

रादिंग नाराज आहेत. गाण्यात आम्ही मागाहून "एक म्हातारा पडला" अशी ओळ घातली आहे. ते म्हणतात, एक म्हातारा म्हणजे कोण? पडलो मी, पाय माझा, आणि नाव कुणाचंच नाही? त्यांना नाव हवंय आणि नावापुढे रेल्वे हवी. आमच्यासमोर त्यांनी ओळ करून दाखवली. ती बरी होती. उद्यापासून गाण्यात तीच ओळ म्हणणार.

आणि मिन जॉर्ज, म्हणजे जॉर्जची आई, आमची घरमालकीण, काल भाडं घ्यायला आली तेव्हा "पाय जपून, शेजारणी" गुणगुणत गटार ओलांडून गेली. कुणाचं गटार हे तिला माहीत नाही. नळावर उभ्या असलेल्या आम्हा सगळ्या बायकांनी एकदम बादल्यांमध्ये तोंडं घातली.

४ मार्च, सोमवार

ओबारेंनी बोलावलं. एका कुटुंबाची तक्रार आली आहे. शनिवारी मी त्यांच्या वडिलांची वार्ता वाचत होते आणि घरातली नातवंडं माझा आवाज ऐकून उड्या मारायला लागली. शोकाच्या घरात.

मला त्या कुटुंबाचं वाईट वाटलं, मनापासून. मी माफी मागितली. ओबारे म्हणाले, माफीने आवाज परत काळा होत नाही. लोक माझ्यावर विश्वास ठेवून आपली मेलेली माणसं माझ्या तोंडात देतात. तिथून ती नाचाच्या ठेक्यावर बाहेर पडून चालणार नाहीत. तेव्हा एक काहीतरी निवड.

मी म्हटलं, विचार करायला वेळ द्या.

"तू विचार करणार आहेस, यातच मला उत्तर मिळालं," ते म्हणाले आणि उद्यापासून वार्ता दुसरा कुणी वाचेल असं सांगितलं. मला जुन्या टेपांच्या खोलीत बसवलं आहे.

घरी आले तेव्हा रडू येईल असं वाटलं. त्याऐवजी भूक लागली. मक्याच्या पिठाची उगाली केली, पालेभाजी केली, पातेलं चाटून पुसून खाल्लं.

६ मार्च, बुधवार

ओडेरा मोठा तिलापिया घेऊन आला. म्हणाला, गिऱ्हाइकाने पैशांऐवजी दिला आणि त्याला एकट्याला संपणार नाही. मासा तलावातून नुकताच काढलेला, पाठीला शेवाळ. कुठल्या गिऱ्हाइकाने एवढा ताजा मासा दिला असेल?

त्याला नोकरीबद्दल आडोंगोकडून कळलं होतं. तो म्हणाला, गाणं तुझं आहे. तू सांगितलंस तर बंद करतो. गिटारची तार तुझ्यासमोर कापतो.

मी मासा उलटवत होते. म्हटलं, तारा महाग असतात, राहू दे.

तो इतका हसला की रादिंगनी खोलीतून विचारलं काय झालं. मग तो खिडकी तपासून गेला.

१० मार्च, रविवार

व्हायचं ते झालं. मिन जॉर्जला कुणीतरी सांगितलं. चर्चमध्ये, प्रार्थनेनंतर, सगळ्यांच्या देखत: बाई, ते गाणं तुमच्या गटाराचं आहे. आणि ती तोपर्यंत सगळ्यांबरोबर गुणगुणत होती.

ती थेट प्लॉटवर आली, चर्चच्या कपड्यांतच, टोपीवरचं फूल थरथरतंय. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलली.

"तुझा नवरा गेला तेव्हा मी तुझं भाडं थांबवलं होतं की नाही?"

मी म्हटलं, हो, थांबवलं होतं. खरंच थांबवलं होतं.

"आणि तू मला गाण्यात घातलंस."

"तुम्हाला नाही घातलं. गटाराला घातलं."

"गटार कुणाचं आहे?"

महिनाअखेरीला खोली सोड, असं सांगून ती गेली. जाताना गटारावरून उडी मारावीच लागते, तिनेही मारली, आणि कुणीही हसलं नाही.

मला आता भीती वाटतेय, हे स्वच्छ लिहून ठेवते. बोनिफेसने या खोलीला निळा रंग दिला होता. दुसऱ्या भिंती मी कुठून आणू? आणि ती वाईट बाई नाही. कवितेत तिला वाईट करणं सोपं होतं, कारण कवितेत भाडं थांबवलेलं येत नाही. यायला हवं होतं का? येतं तर ठेका बिघडला असता का?

१३ मार्च, बुधवार

माझ्या जागी एक तरुण वाचतो. चांगला मुलगा, आवाज पहाटेच्या कोंबड्यासारखा. काल तो इतक्या उत्साहाने वाचत होता की मृत काका आणि वार्ता देणारा पुतण्या यांची अदलाबदल झाली. पुतण्या घरी चहा पीत होता. त्याची बायको रडायला लागली, शेजारी जमले, सासरची माणसं गावाहून भाड्याची गाडी करून निघाली. पुतण्या सगळ्यांना चहा देऊन देऊन दमला. शेवटी स्टेशनवर आला आणि ओबारेंना म्हणाला, त्या बाईंना परत आणा, त्यांनी मला कधी मारलं नसतं.

टेपांच्या खोलीत बसून मी हे दाराआडून ऐकलं. तोंडावर हात दाबून धरला तरी हसू नाकातून बाहेर आलं.

१९ मार्च, मंगळवार

ओबारेंनी पुन्हा बोलावलं. ये म्हणाले, पण बँड सोड. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, का? मला स्वतःलाच माहीत नव्हतं आणि तोंडातून बाहेर पडलं: मी रोज सकाळी माणसांना निरोप देते. आठवड्यातून एकदा मला त्यांना आलेलंही बघायचंय.

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. मग म्हणाले, ईस्टर होऊ दे, मग बघू.

शेजारी माझ्याशी विचित्र वागतायत. मी नळावर गेले की बोलणं थांबतं. कालपासून रादिंगसुद्धा माझ्याकडे पाहून भिंतीकडे वळतात. त्यांना वाटत असेल, हिच्यामुळे आपलंही छप्पर जाईल. वाटणारच.

२९ मार्च, शुक्रवार

सामान बांधायला घेतलं. फार नाही. ओडेराला सांगितलं की माझी खिडकी आता दुसऱ्या कुणासाठी राहील, तेव्हा पुन्हा यायची तसदी नको. त्याचा चेहरा असा पडला की मला वाटलं त्याचे पैसे राहिले असतील. विचारलं, तर म्हणाला, नाही, पैशांचं काही नाही.

सोमवारी डुंगाच्या किनाऱ्यावर ईस्टरचा मोठा कार्यक्रम आहे. तेवढा करून मंगळवारी निघायचं, कुठे ते माहीत नाही.

१ एप्रिल, सोमवार

काय काय लिहू, कुठून सुरू करू. केसांत अजून वाळू आहे.

डुंगाला तोबा गर्दी. होड्या ओढून वाळूवर घेतलेल्या, त्यांच्यावर पोरं बसलेली, माशांच्या टपऱ्यांचा धूर, मागे तलाव. आणि समोर अख्खा आमचा प्लॉट. सगळे. रादिंग हातगाडीवर, खुर्चीसकट, गळ्यात रेल्वेची जुनी शिट्टी. नळावर बोलणं का थांबत होतं ते तेव्हा कळलं. बायकांनी एकसारख्या पिवळ्या कापडाचे ड्रेस शिवून घेतले होते आणि मला कळू द्यायचं नव्हतं.

आम्ही गाणं सुरू केलं. दुसऱ्या कडव्यात मला फूल दिसलं. टोपीवरचं. मिन जॉर्ज चर्चच्या बायकांच्या घोळक्यातून रेटत पुढे येत होती. माझी ओळ चुकली नाही. ती थेट मंचावर चढली आणि हात पुढे केला. माईक हवा होता.

ओडेराने गिटार थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पाकरुओकमध्ये माईक नाकारत नाहीत, कुणालाच.

तिने टोपी सरळ केली. मग म्हणाली, "मी सिप्रोझा आकोको. उगेन्याची लेक. तुम्ही सगळे ज्याच्यावरून उड्या मारताय ते गटार माझं आहे."

मग गर्दीने जी आरोळी ठोकली ती मी विसरणार नाही. आणि मला दिसलं, त्या आरोळीने बाईच्या खांद्यांना काय केलं. ते वर गेले. ती शिव्या द्यायला आली होती, मी शपथेवर सांगते. पण अख्खं किसुमू तिचं नाव घेत होतं.

"या शहरात बंगलेवाले आहेत," ती म्हणाली, आता आवाज चढलेला. "मोटारीवाले आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या गटारावर गाणं आहे का?"

नाही, गर्दी ओरडली.

ओडेराने बारीक गिटार सुरू केली, तिच्याखाली, तिला उचलत. "उगेन्याची लेक," तो माईकमध्ये म्हणाला, "आकोकोंच्या घरची, जिच्या टोपीवर बारा महिने फूल. गाण्यातली बाई आपलं गटार उघडं ठेवते की झाकते?"

"उघडं की झाकलेलं?" रादिंग खुर्चीतून ओरडले आणि शिट्टी फुंकली.

"झाकते," मिन जॉर्ज म्हणाली. "अशा फरशा टाकते की वरून लॉरी जाईल."

मग गाणं जे सुटलं ते सुटलं. ती मंचावर माझ्याशेजारी उभी राहून उडाली, टोपी एकीकडे, फूल दुसरीकडे. उडता उडता माझ्या कानाशी म्हणाली, सामान सोड, लोक काय म्हणतील, गाणंवालीला घालवलं. आणि वर म्हणाली, भाडं थांबवलेलं पण घाल की कडव्यात. मी म्हटलं, घालते. घालणार आहे.

शेवटी माईक माझ्या हातात राहिला. लोक नावं घेत होते, तारीफ चालू होती आणि आडोंगो मागून ओरडली, आता अलेगोच्या लेकीने स्वतःची करावी. मला स्वतःबद्दल काय बोलायचं ते कळेना. मला एकच प्रकारे माणसाचं नाव घेता येतं. म्हणून तसंच घेतलं, इस्त्रीच्या आवाजात, सावकाश.

"कळवण्यात येतं की, अलेगो येथील डोर्सिला आजवांग, ओगोलांची लेक, बोनिफेसची बायको, आज दुपारी डुंगाच्या किनाऱ्यावर जिवंत आहे."

टोप्या निघाल्या. सवयच ती. मग एक एक करत हवेत उडाल्या, आणि मी हसायला लागले, माईकसमोरच, थांबताच येईना. मी इतकी मोठ्याने हसते हे मलाच माहीत नव्हतं. ओडेरा गिटार वाजवायची विसरून उभा होता. त्याचं असं कधी होत नाही. ऊन लागलं असावं.

४ एप्रिल, गुरुवार

ओबारेंनी मला परत घेतलं. सकाळी गेलेली माणसं, रविवारी असलेली माणसं, असं ते म्हणाले आणि स्वतःच्या बोलण्यावर खूश झाले. एक अट: वार्ता वाचताना पायाने ठेका धरायचा नाही, काचेतून दिसतं.

आज वाचलं. पहिलं नाव घेताना वाटलं होतं की आवाज बदलला असेल. बदलला होता थोडा. एका बाईचा फोन आला, म्हणाली, आज तुम्ही आमच्या आईचं नाव असं घेतलंत की जणू तुम्ही तिला ओळखत होतात.

१३ एप्रिल, शनिवार

फरशा आल्या. मिन जॉर्जच्या मुलाची मोटार उभी राहते तिथपासून नळापर्यंत टाकून झाल्या आहेत. नळापासून माझ्या दारापर्यंतच्या पुढच्या महिन्यात, असं ती म्हणते. म्हणजे अर्धं गाणं खरं उरलं आहे. रादिंगना यात पुढच्या गाण्याचा विषय दिसतोय. त्यांचं प्लास्टर निघालं, आणि आज सकाळी ते झाकलेल्या भागावरून पाच-सहा वेळा नुसतेच इकडून तिकडे गेले, सिग्नल मिळालेल्या गाडीसारखे.

मी भाडं थांबवल्याचं कडवं लिहिलं. ठेका बिघडला नाही. उलट तिथे ओडेराने गिटार एकदम हळू केली आहे आणि लोक उडायचं थांबून एकमेकांचे खांदे धरतात.

तो आज विचारत होता की अलेगोला आईकडे कधी जाणार. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी. म्हणाला, मी पण येतो, फाटक बघायला. मी म्हटलं, आईच्या घराला फाटकच नाही, नुसतं कुंपणाचं झुडूप आहे. तो म्हणाला, मग तर यायलाच हवं. सोबत त्याचे दोन काकाही येणार आहेत, मापं घ्यायला.

आईला फोन करून सांगितलं. तिने लगेच विचारलं, काका मोठे की धाकटे? मी म्हटलं, एक मोठे, एक धाकटे, त्याचं काय? ती म्हणाली, काही नाही, कोंबडा बघून ठेवते, आणि माझ्या मामांना बोलावते म्हणाली. फाटकासाठी इतकी माणसं.

मी आडोंगोच्या ओळखीच्या शिंपिणीकडे एक ड्रेस टाकला आहे, पिवळा. शनिवारच्या आत हवा असं बजावून आले. तशी काही घाई नाही, पण शिंपिणींना तारीख दिलेली बरी.